जुनेराचे उत्तरायुष्य



'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग अलीकडे इतका रूढ झाला आहे की शाळेच्या प्रदर्शनापासून नगरपालिकेच्या फलकापर्यंत तो सर्वत्र आढळतो. रिकाम्या बाटलीला रंग फासला, तीत कागदाची फुले खोवली, की टाकाऊतून टिकाऊ झाले! ती बाटली आणि ती फुले दोन महिन्यांनी कोठे असतात, ह्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. वास्तविक एखादी वस्तू टिकाऊ झाली असे म्हणावयाचे, तर ती कोणाच्या तरी रोजच्या उपयोगी पडली पाहिजे, तिने बरीच वर्षे काढली पाहिजेत, आणि तिचे आयुष्य सरल्यावर तिच्यापासून आणखी काही करता आले पाहिजे. ह्या कसोटीला उतरणाऱ्या वस्तू प्रदर्शनांत फार थोड्या सापडतात. जुन्या घरांत मात्र त्या पुष्कळ होत्या, आणि त्यांच्यामागे कारागिरीचे पक्के शास्त्र होते.

विषयाचा पसारा मोठा आहे. मोड घेऊन नवे भांडे देणारा कासार त्यात येतो, भंगारातले पितळ वितळवून मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतणारे बस्तरचे कारागीरही येतात. पण सगळ्यांनाच स्पर्श करू गेलो तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून आम्ही आज एकाच पदार्थाची हकीकत सांगणार आहोत. तो पदार्थ म्हणजे जुने सुती कापड. त्याला आपल्या भाषेत एक सुरेख शब्द आहे, जुनेर. वापरून वापरून जुने झालेले वस्त्र, विशेषतः लुगडे, ते जुनेर. आजच्या तरुण श्रोत्यांना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. आणि शब्द का गेला हे पाहू लागलो की आजचा आपला विषयच हाती लागतो.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर अखंड कापड. ते सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्या-उठण्याने एक भाग आधी जातो, टाचेशी घासणारा काठ आधी झिजतो; उलट निऱ्यांच्या आतले आणि पदराकडचे कापड बरेच दिवस धड राहते. घरातल्या बाईला हे न सांगता कळत असे. विरलेला भाग मधून फाडून टाकायचा आणि धड राहिलेले दोन तुकडे एकमेकांना जोडून घ्यायचे, ह्याला लुगड्याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे नेसण्यात गरिबी दिसे हे खरे, पण कापडाचे आयुष्य त्यामुळे वर्ष-दोन वर्षे वाढे. त्यानंतर त्याचा परकर होई, बाळाची दुपटी होत. मग गोधडी. गोधडी फाटली म्हणजे तिच्या चिंध्यांचे पोतेरे, हातपुसणे, किंवा पिळून तेलात भिजवलेला काकडा. एवढे करूनही जे घरात नको होई ते बोहारणीच्या टोपलीत जाई आणि त्याच्या बदल्यात एखादे भांडे येई. त्या देवघेवीतली घासाघीस ही स्वतंत्र व्याख्यानाचाच विषय आहे. जरीकाठी साडीला बोहारीण जास्त का देई ह्याचे उत्तर सोपे आहे: जर जाळून त्यातली चांदी काढता येते. पण साध्या सुती कापडालाही ती नाही म्हणत नसे, कारण तिच्यापुढे ते घेणारा कोणी तरी असे.

ह्या साखळीतील दोन कड्या आम्ही जरा जवळून दाखवणार आहोत, एक गोधडी आणि दुसरी कागद. दोन्हींत कच्चा माल एकच. दोन्हींत कारागिरी मात्र अगदी निरनिराळी.

गोधडीकडे आपण 'जुन्या कपड्यांची रास एकत्र शिवली' अशा दृष्टीने पाहतो. तसे ते नाही. नवे कापड गोधडीला का चालत नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा. नव्या कापडात खळ असते, ते धुतल्यावर आटते, आणि त्याचा रंग उतरतो. चार थर चार प्रमाणांत आटले तर पहिल्या धुण्यातच गोधडी सुरकुतून बसेल. जुनेराला शे-दोनशे धुणी झालेली असतात. त्याची खळ गेली, आटायचे ते आटले, उतरायचा तो रंग उतरला, आणि सूत घासून घासून मऊ झाले. म्हणजे जुनेपणामुळेच ते ह्या कामाला योग्य ठरते. येथे टाकाऊ पदार्थाचा दोष झाकलेला नाही. त्याच्या जुनेपणाचा गुण ओळखून तो कामाला लावला आहे. आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे.

आता शिवण. वरचे आणि खालचे कापड त्यातल्या त्यात धड आणि मोठे असे निवडायचे, मध्ये विटके, फाटके, तुकड्यातुकड्यांचे थर पसरायचे. जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर वजने ठेवून सुरकुत्या काढायच्या आणि लांब लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकत्र धरायचे. मग धावदोरा. कित्येक ठिकाणी हा धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनातल्या चौकोनात फिरत मध्यापर्यंत नेतात. त्यामुळे कड आधी पक्की होते आणि थर सरकत नाहीत. टाक्यांच्या ओळी जवळजवळ असल्या की आतला कितीही विरलेला तुकडा दोन ओळींच्या मध्ये पकडला जातो. तो फाटला तरी गोळा होऊन एका कोपऱ्यात जात नाही. कापसाच्या गादीला पिंजारी बोलवावा लागतो, गोधडीला लागत नाही, ते ह्यामुळे. शिवाय थराथरांमध्ये जी हवा कोंडून राहते ती ऊब धरते. आणि वरचे कापड फाटले तर त्यावर आणखी एक जुनेर चढवून पुन्हा धावदोरा घातला की काम भागते. दुरुस्ती आणि मूळ बांधणी ह्यांत येथे भेदच नाही. आजच्या किती वस्तूंविषयी असे म्हणता येईल?

हीच युक्ती आपापल्या परीने इतरांनीही शोधली आहे. बंगालची कांथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यात साडीच्या काठातून काढलेले रंगीत धागेच भरतकामाला वापरीत. बिहारात सुजनी आहे, सिंध-राजस्थानात रल्ली आहे. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांच्या गोधडीला कवंद म्हणतात. त्याही कडेपासून आत शिवत जातात आणि शेवटी कोपऱ्यांवर घड्या घातलेले कापडाचे लहान त्रिकोण 'फुले' म्हणून लावतात; ती लावल्याशिवाय कवंद पुरे झाले असे त्यांना वाटत नाही. दूर जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसे, तेथे सुती चिंधीला मोल होते. शेतकरी स्त्रिया तागासारख्या जाड वस्त्रांवर ठिगळावर ठिगळ लावून धावदोऱ्याने ती भरीत. त्या वस्त्रांना 'बोरो' म्हणतात आणि आज ती संग्रहालयांत काचेमागे ठेवलेली असतात. ज्या बायांनी ती शिवली त्यांना ह्याचा अचंबा वाटला असता.

गोधडीहून अधिक चकित करणारी कडी कागदाची आहे. लाकडापासून कागद होतो हे आपण इतके गृहीत धरून चाललो आहोत, की ही रीत जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे हे सांगितले तर खरे वाटत नाही. लाकूड वाटून कागदाचा लगदा करण्याची युक्ती जर्मनीत १८४० नंतर निघाली. त्याआधी युरोपातला बहुतेक कागद तागाच्या आणि सुताच्या चिंध्यांचा होता. चीनमध्ये त्साई लुन ह्या दरबारी अधिकाऱ्याने इ. स. १०५ मध्ये कागदाची रीत बादशहापुढे मांडली असे परंपरा सांगते. त्याच्या कच्च्या मालात झाडाच्या सालीबरोबर जुन्या चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी होती. म्हणजे कागद जन्मला तोच टाकाऊ वस्तूंतून.

आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याला हातकागद होत असे. मराठी दप्तरांत ह्या दोन्ही ठिकाणांची नावे येतात. त्या कागझ्यांचा माल प्रामुख्याने तागाचे जुने दोरखंड आणि गोणपाट. ते तुकडे करून भिजवायचे, चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, पायाने चालवायच्या लाकडी घणाखाली कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, पुन्हा चुना, पुन्हा कुटणे. असे अनेक दिवस चाले. मग हौदात पाण्याबरोबर तो लगदा ढवळायचा, गवताच्या काड्यांची चटई लावलेला साचा त्यात तिरपा बुडवून आडवा वर काढायचा आणि एक हलका झोका द्यायचा. पाणी चटईतून निथळते, वर तंतूंचा पातळ थर राहतो. तो झोका हीच सगळी कला. कमी पडला तर कागद एका बाजूला जाड होतो, जास्त झाला तर मध्ये भोक पडते. ओले ताव एकावर एक रचून, दाबून, मग भिंतीवर चिकटवून वाळवायचे. शेवटी खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने किंवा अकिकाने घोटायचे. हे घोटणे शोभेसाठी नव्हते. मोडी लिहिणाऱ्याचा बोरू न अडता पळायला हवा आणि शाई पसरायला नको, म्हणून खळ आणि घोटाई. लिहिणाऱ्याचा हात लक्षात घेऊन वस्तू घडवणे ह्यालाच आज डिझाइन म्हणतात.

चिंधीचा कागद टिकतो का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज; शंभरात नव्वदाहून अधिक भाग. कापसाचा तंतू पाण्यात भिजवून कुटला म्हणजे त्याची कड उसवून बारीक बारीक रोम सुटतात. पाणी आटू लागले की एका तंतूचे रोम शेजारच्या तंतूला जवळ ओढून घेतात आणि वाळल्यावर दोघे एकमेकांना धरून ठेवतात. कागद एकसंध होतो तो डिंकाने नव्हे, ह्या पकडीने. लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो काढून न टाकता केलेला कागद उन्हात पिवळा पडतो, हे कोणतेही जुने वर्तमानपत्र सांगेल. शिवाय गेल्या शतकातील पुष्कळशा यंत्रकागदाला तुरटी लावून घट्टपणा आणीत, तिच्या आम्लाने तो ठिसूळ झाला. म्हणून दोनअडीचशे वर्षांपूर्वीचे दप्तर आज उलगडता येते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकाचे पान बोटांत मोडते. आपल्या खिशातली नोटही कापसाचीच असते; शंभर टक्के कापसाच्या कागदावर ती छापली जाते.

हातकागदाचा हा धंदा यंत्रापुढे बसत चालला होता. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापला, त्याचे केंद्र वर्ध्याला होते आणि चिटणीस होते अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा. संघाने जे उद्योग हाती घेतले त्यांत कागद होता. पुण्यास १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली आणि तिच्यामागे के. बी. जोशी ह्यांचे परिश्रम होते. कुमारप्पांनी पुढे जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे टिकाऊपणाचे अर्थशास्त्र. आज ज्याला सारे जग शाश्वत विकास म्हणते त्याचा विचार त्यांनी १९४० च्या दशकात केला होता. राजस्थानातील सांगानेरच्या हातकागद संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. सांगानेरचे कागझी आता होजिअरीच्या कारखान्यांतून येणारी बनियनची आणि टी-शर्टची कातरण वापरतात. चिंधी घराऐवजी कारखान्यातून येते, एवढाच फरक.

आता ह्या हकीकतीचे वळण. इतकी उपयुक्त साखळी होती, तर ती तुटली का?

सोपे उत्तर असे देतात की लोक चैनी झाले, वापरून फेकून देण्याची खोड लागली. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. साखळी तुटण्याचे मोठे कारण माणसाच्या स्वभावात नसून धाग्यात आहे. १९६० नंतरच्या वीसपंचवीस वर्षांत टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन घरोघर आले. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. नऊवारी सुती लुगडे ओले झाले म्हणजे किती जड होते, ते पिळताना मनगटे कशी भरून येतात, हे ज्यांनी कधी पिळले नाही त्यांनी सुताचे गोडवे गाऊ नयेत. सिंथेटिक साडी झटकन वाळते, इस्त्री मागत नाही, स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षे विरत नाही. कष्ट करणाऱ्या बाईने ती आनंदाने घेतली ह्यात नवल नाही.

परंतु ती साडी जुनेर होत नाही. पॉलिएस्टरचा तंतू धुऊन मऊ पडत नाही. हवेतली ओल सूत आपल्या वजनाच्या शेकडा आठ भागांइतकी सहज धरते. पॉलिएस्टर अर्धा भागही धरीत नाही. तेव्हा त्याचे दुपटे बाळाला टिपत नाही, त्याचे पोतेरे पाणी ओढत नाही, त्याची गोधडी घाम शोषीत नाही. थर एकमेकांवरून निसटतात आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते. कागद करणाऱ्याची अडचण तर आणखी मोठी. हा तंतू कितीही कुटला तरी त्याला रोम सुटत नाहीत, म्हणून तो शेजाऱ्याला धरीत नाही. लगद्यात तो नुसता तरंगतो आणि वाळलेल्या तावात डाग होऊन बसतो. निव्वळ पॉलिएस्टर असेल तर ते निवडून बाजूला तरी काढता येते. खरा घात झाला तो मिश्र कापडाने. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात पिळलेले असते. घरच्या किंवा कागझ्याच्या कोणत्याही साधनाने ते वेगळे होत नाही.

ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे आणि ते फार बोलके आहे. डॉलरच्या नोटेचा कागद तीन भाग कापूस आणि एक भाग ताग-जातीच्या लिननचा असतो. १८७९ पासून तो मॅसॅच्युसेट्स संस्थानातील क्रेन ही कंपनी पुरवीत आली आहे. तिच्या कापसाचा मोठा हिस्सा अनेक वर्षे कपड्यांच्या कारखान्यांतून मिळणाऱ्या डेनिमच्या कातरणीतून येई. म्हणजे विजारी शिवून उरलेल्या चिंध्यांच्या नोटा होत. मग १९९० च्या दशकापासून विजार अंगाला ताणून बसावी म्हणून डेनिममध्ये स्पॅन्डेक्स नावाचा लवचीक धागा मिसळू लागले. शेकडा एक-दोन भाग, त्याहून जास्त नव्हे. पण तेवढ्याने ती कातरण नोटेच्या कागदाला नालायक ठरली, आणि कंपनीला चिंध्या सोडून दुसरीकडून कापूस शोधावा लागला. विजार आखणाऱ्याच्या मनात नोट नव्हती, कागद नव्हता, चिंधीही नव्हती. त्याने गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी एक धागा घातला आणि कोसभर पलीकडची साखळी तोडली. जगात आज जेवढे धागे तयार होतात त्यांत निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे आणि कापूस जेमतेम एक पंचमांश. हे ध्यानात घेतले म्हणजे ही किरकोळ तक्रार राहत नाही.

कोणी म्हणेल, यंत्राने चिंध्या फाडून पुन्हा सूत काढता येते की! येते. इंग्लंडात यॉर्कशरमधील बॅटली गावी बेंजामिन लॉ ह्याने १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा कापड केले. त्याला 'शॉडी' हे नाव पडले. आज आपल्याकडे हरियाणातील पानिपत त्या धंद्याचे मोठे ठाणे आहे. परदेशांतून आलेले जुने कपडे तेथे बटणे आणि चेन कापून, रंगवार निवडून पिंजतात आणि त्यांच्या घोंगड्या विणतात. रंगवार निवडल्यामुळे बहुधा पुन्हा रंगवावे लागत नाही, ही त्यातली खुबी. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, सूत कमजोर निघते. इंग्रजीत शॉडी म्हणजे भिकार असा अर्थ झाला तो काही उगीच नव्हे. एक पायरी खाली उतरूनच ही वस्तू पुन्हा उभी राहते, आणि तीही बहुधा एकदाच.

ह्यावरून वस्तू आखणाऱ्याचे काम कोठे सुरू होते हे दिसेल. सामान्य समजूत अशी की कचऱ्याचा ढीग समोर आला, की डिझाइनरने डोके चालवावे. तोवर उशीर झालेला असतो. ढिगात मिश्र धागा आला की मोठ्यातला मोठा कलावंत त्याचा पायपुसण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. विचार करायचा तो कापड विणताना आणि कपडा बेतताना. शर्ट शुद्ध सुती, पण तो पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेला, कॉलरमध्ये न कुजणारे अस्तर आणि मानेशी चकचकीत चिठ्ठी. असा शर्ट दुकानात 'निसर्गस्नेही' म्हणून विकला जातो. त्याची चिंधी घेणाऱ्याला प्रत्येक शिवण उसवावी लागेल.

बेतण्याच्या बाबतीतही जुन्या वस्त्रांकडून शिकण्यासारखे आहे. धोतर, लुगडे, उपरणे ह्यांना कात्रीच लागत नाही, म्हणून कातरणही नाही. चोळीचा खण पाहा. उत्तर कर्नाटकात गुळेदगुड्डला तो विणतात तो चोळीच्या मापाचाच, काठासकट. विणकराच्या मागावरच शिंप्याचा हिशेब झालेला असतो. उलट आजच्या शिवलेल्या कपड्यात दहा-पंधरा टक्के कापड बेततानाच वाया जाते असा सर्वसाधारण अंदाज आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपे १९५८ मध्ये आपल्या सरकारच्या बोलावण्यावरून येऊन गेले आणि त्यांनी जो अहवाल दिला त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त वाखाणला तो आपला लोटा. तो धरायला कसा, ओतायला कसा, डोक्यावर न्यायला कसा, घासायला कसा, इतकेच नव्हे तर धातू म्हणून पुन्हा विकला तर त्याची किंमत काय येईल, येथपर्यंत त्यांनी प्रश्न केले. शेवटचा प्रश्न कासाराला कोणी शिकवावा लागत नाही. मोडीचा भाव त्याच्या तोंडावर असतो. कापडवाल्याला मात्र तो विचारलाच जात नाही.

आता एक अवघड गोष्ट. जुन्या कारागिरीचे गुणगान करताना मजुरीचा हिशेब गाळण्याची आपल्याला सवय आहे. तो येथे मांडू. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी बेताची गोधडी घ्या. ओळींत अर्धा इंच अंतर ठेवले तर १२० ओळी होतात, म्हणजे ८४० फूट शिवण. इंचाला दोन टाके धरले तर टाके झाले २०,१६०. चार-सहा थरांतून सुई काढायची; मिनिटाला दहा टाके पडले तरी साडेतेहतीस तास लागले. रोज आठ तास न उठता शिवले तर चार दिवसांहून अधिक, आणि ह्यात थर लावणे, कच्चे टाके, कड मोडणे आलेले नाही. चिंध्या फुकट मिळाल्या असे आपण म्हणतो, पण गोधडीची किंमत चिंध्यांत नव्हतीच. ती ह्या चार दिवसांत होती, आणि ते चार दिवस घरातल्या बाईचे असल्यामुळे कोणी मोजले नाहीत. आजही 'जुन्याच कपड्यांची तर आहे' असे म्हणून पैसे पाडून मागणारे गिऱ्हाईक भेटते. त्याला हा आकडा ऐकवावा.

दुसऱ्या टोकाला, शहरातील काही दुकानांत गोधडी भारी किमतीला विकली जाते. ती पाहावयास गेले तर कित्येकदा असे दिसते की नवे कोरे कापड आणून, त्याचे मुद्दाम लहान तुकडे करून, ते पुन्हा जोडलेले असतात; जुन्याचा आभास यावा म्हणून. चिंधी वाचवण्यासाठी निघालेल्या कलेने चिंध्या निर्माण कराव्यात, ह्याला काय म्हणावे? शिवणाऱ्या बाईला मजुरी मिळाली हे चांगलेच झाले. पण तेच चार दिवस शिंप्याच्या कातरणीवर खर्च झाले असते तरी मजुरी तेवढीच मिळाली असती.

हे होऊ शकते ह्याची उदाहरणे आहेत. अंशू गुप्ता ह्यांनी १९९९ मध्ये दिल्लीत 'गूंज' ही संस्था काढली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरांतून येणारे जुने कपडे त्यांच्याकडे प्रथम निवडले जातात. घालण्याजोगे असेल ते घालायला जाते. विरलेल्या सुतापासून बायकांच्या पाळीच्या दिवसांसाठी स्वच्छ घड्या करतात. ह्या विषयावर चारचौघांत बोलण्याचा संकोच आपण आता सोडला पाहिजे. ज्यांचे दुसरे काही होत नाही त्या तुकड्यांच्या सुजनी शिवतात. ह्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट शिवण नसून निवड आहे. कोणता तुकडा सुती, कोणता मिश्र, कोणता शोषतो, कोणता नाही, हे ज्या हाताला कळते तो हात खरा कारागिराचा. बोहारणीला ते कळत होते.

आणि ते आपणांसही घरच्या घरी कळण्यासारखे आहे. आपल्या गावातल्या प्रत्येक शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी पोतेभर कातरण निघते, आणि सुती व सिंथेटिक एकाच पोत्यात गेल्यामुळे ती सगळीच उकिरड्यावर पडते. दोन पोती टांगली तर सुती पोत्याला गोधडी शिवणारी बाई, गादीवाला, हातकागदवाला, कोणी ना कोणी गिऱ्हाईक निघेल. कोणता तुकडा कोणत्या पोत्यात टाकावा अशी शंका आली, तर त्याचे दोन-चार धागे उभे आणि दोन-चार आडवे ओढून घ्यावेत, चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून, काडी लावावी. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसून मागे सरते, वितळते, काळा धूर सोडते आणि निवल्यावर त्याचा कडक मणी होतो. मिश्र धागा जळतोही आणि राखेत त्याची खरही लागते. निव्वळ सूत सरळ पेटते, ज्योत काढल्यावर निखारा धरून राहते, बोटांनी चुरली तर विरून जाणारी करडी राख मागे ठेवते, आणि वास येतो तो कागद जळाल्याचा.